जुन्या हिंदी चित्रपटांतली हरवलेली गाणी कशी शोधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नकार्यात, ओळखीपाळखीत, कधी रात्री उशिरा फोन करून लोक मला विचारतात, "आई एक गाणं म्हणायची, ते सापडेल का हो?" गेली पंचवीस वर्षं मी जुन्या तबकड्यांच्या आणि गाण्यांच्या मागे फिरतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे. माझा अनुभव असा की गाणं बहुतेक वेळा कुठेतरी शिल्लक असतं, त्याचं नावगाव तेवढं पुसलेलं असतं. त्यामुळे इथली बरीचशी उत्तरं त्या नावगावाबद्दलच आहेत.

विसरलेलं गाणं नेमकं कशाला म्हणायचं?

जे एकेकाळी ऐकलं, म्हटलं जात होतं आणि आज रेडिओ, ऑर्केस्ट्रा, गाण्यांच्या स्पर्धा यांपैकी कुठेच येत नाही, ते. १९३१ साली बोलपट आला. तेव्हापासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतची गाणी मी या हिशेबात धरतो. एका चित्रपटात आठ-दहा गाणी सर्रास असायची. १९३२ च्या 'इंद्रसभा'त तर सत्तरच्या आसपास होती. एवढ्यांतून एखादंच लोकांच्या तोंडी राहतं. 'महल' (१९४९) म्हटलं की सगळ्यांना 'आयेगा आनेवाला' आठवतं. त्याच चित्रपटातलं राजकुमारींचं 'घबरा के जो हम सर को टकरायें' कुणाला ऐकवलं की हमखास प्रश्न येतो, "हे कुठलं?" चाल खेमचंद प्रकाश यांचीच आणि तितकीच जीव लावणारी.

मला एकच ओळ आठवते, तीही धड नाही. सुरुवात कुठून करू?

शोधायला बसण्याआधी आठवतं ते सगळं कागदावर लिहून काढा. हे मी फार आग्रहाने सांगतो. पाच-दहा गाणी ऐकून झाली की तुमची मूळ आठवण त्यांच्यात मिसळून जाते आणि मग खरं काय ते तुम्हालाही सांगता येत नाही. आवाज बाईचा की पुरुषाचा, ओळ मुखड्यातली की अंतऱ्यातली, मागे कोणतं वाद्य ठळक होतं, घरात हे कोण म्हणायचं, त्या माणसाने चित्रपट कुठल्या गावात आणि कोणत्या वयात पाहिला असेल, सगळं लिहा. वयावरून सालाचा अंदाज येतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

शब्द जसे कानावर पडले तसेच लिहा. आपल्या मराठी कानांना उर्दू शब्द वेगळे ऐकू येतात. 'गम-ए-इंतजार'चा एखाद्या घरात 'गंमत इंतजार' झालेला असतो. अर्थ लागत नाही म्हणून दुरुस्त करू नका, त्या चुकीच्या उच्चारातच खरा शब्द दडलेला असतो. शोधताना ओळीतला सगळ्यात दुर्मीळ शब्द पकडा. 'दिल', 'प्यार', 'सनम' टाकून काही होत नाही. देवनागरीत शोधा, मग रोमन लिपीत दोन-तीन प्रकारच्या स्पेलिंगने शोधा, कारण गाणं ज्याने चढवलं त्याने कसं लिहिलंय ते आपल्या हातात नसतं.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. आजी जे म्हणायची ते कदाचित भजन किंवा मेळ्यातलं पद असेल, चाल मात्र हिंदी चित्रपटातली. लोकप्रिय चालीवर आपल्याकडे भजनं, पाळणे, डोहाळे सर्रास बांधले जायचे. अशा वेळी शब्द उपयोगी पडत नाहीत, चालच धरून जावं लागतं.

गाण्याची पहिली ओळ पक्की माहीत आहे, तरी कुठल्याच यादीत सापडत नाही. असं का?

तुम्ही जिला पहिली ओळ म्हणताय ती बहुधा साखी किंवा सुरुवातीचा शेर आहे. याद्या मुखड्यावरून केलेल्या असतात. 'आयेगा आनेवाला' सुरू होतं 'खामोश है जमाना' या संथ ओळींनी, ठेका त्यानंतर येतो. त्या शब्दांखाली यादी चाळली तर गाणं मिळणार नाही. जी ओळ पुन्हा पुन्हा येते ती शोधा.

फोनला गुणगुणून दाखवलं तर ओळखता येतं म्हणे. जुन्या गाण्यांना चालतं का?

गाजलेल्यांना चालतं. गूगलने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ही सोय आणली. दहा-पंधरा सेकंद चाल गुणगुणली की ती साठ्यातल्या चालींशी ताडून पाहिली जाते. साठ्यात जे नाही ते ओळखता येणार नाही आणि आपल्याला हवं असलेलं गाणं नेमकं तिथेच नसतं. दोन मिनिटं खर्चून पाहायला हरकत नाही, उत्तर आलं नाही म्हणून गाणंच नाही असं समजू नका.

चित्रपटाचं नाव माहीत आहे, पण त्याच्या गाण्यांत हे गाणं नाही.

आधी साल तपासा. एका नावाचे अनेक चित्रपट आहेत. 'बाजार' १९४९ चा वेगळा, १९८२ चा वेगळा. 'किस्मत' १९४३ चा आणि १९६८ चा. 'मेला' १९४८ चा आणि १९७१ चा. 'अनारकली' तर मूकपटापासून येतेच आहे. श्यामसुंदर यांनी १९४९ च्या 'बाजार'ला दिलेलं संगीत अप्रतिम आहे आणि नाव टाकलं की सगळीकडे पुढे येतो तो १९८२ चा. श्यामसुंदर १९५३ साली गेले. त्यांचं काम थोडकं आहे आणि असल्या नामसाधर्म्याखाली तेही गाडलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं कारण म्हणजे गाणं ध्वनिमुद्रित झालं, पण चित्रपटातून कापलं गेलं. 'प्यासा'साठी (१९५७) गीता दत्त यांनी म्हटलेलं 'रुत फिरे पर दिन हमारे' पडद्यावर नाही. कधी कापलेल्या गाण्याची चाल दुसरीकडे जन्म घेते. 'साहिब बीबी और गुलाम'मधून (१९६२) वगळलेल्या हेमंतकुमारांच्या 'साहिल की तरफ'ची चाल पुढे 'अनुपमा'त 'या दिल की सुनो दुनियावालों' म्हणून आली.

तिसरं, ते गाणं चित्रपटातलं नसेलच. गैरफिल्मी गीतं आणि गझला त्या काळी भरपूर निघत. याचं उदाहरण पुढे आवाजाच्या प्रश्नात आहे.

तबकडीवर गायकाचं नाव भलतंच आहे किंवा नाहीच. ही चूक आहे का?

चूक नाही, पद्धत होती. १९४० च्या दशकात बऱ्याच तबकड्यांवर पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं जाई. 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून नाव आहे 'कामिनी', म्हणजे मधुबालेच्या भूमिकेचं. ते गाणं रेडिओवर लागल्यावर आवाज कुणाचा अशी विचारणा करणारी पत्रं लोकांनी पाठवली आणि लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांपर्यंत पोचलं. ज्या गायिकांसाठी अशी पत्रं आली नाहीत त्या पात्रांच्या नावांखालीच राहिल्या.

संगीतकारांचंही तसंच. एकच माणूस दोन-तीन नावांनी वावरलेला असतो. सी. रामचंद्र सुरुवातीला राम चितळकर आणि अण्णासाहेब या नावांनीही संगीत देत आणि गाताना नुसते 'चितळकर' होत. स्नेहल भाटकर म्हणजे वासुदेव भाटकर. 'बी. वासुदेव' असंही नाव त्यांनी लावलं, आणि 'स्नेहल' घेतलं ते मुलीच्या नावावरून. वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली गाणी एका माणसाच्या खात्यावर जमा केली की त्याचं काम केवढं होतं ते कळतं.

आवाज कुणाचा हे कानाने ओळखता येतं का?

येतं, पण फसायलाही होतं. सी. एच. आत्मा यांचं 'प्रीतम आन मिलो' हे १९४५ चं गैरफिल्मी गीत, चाल ओ. पी. नय्यर यांची. कितीतरी लोक आजही ते सैगलचं समजतात. दहा वर्षांनी 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये गीता दत्तच्या आवाजात ते पुन्हा आलं, त्यामुळे गोंधळ वाढला. मुकेशचं 'दिल जलता है तो जलने दे' (पहली नजर, १९४५) ऐकून सैगलच आठवतो. सुमन कल्याणपूर यांची तर शेकड्याने गाणी लोकांनी मनोमन लताबाईंच्या नावावर टाकली आहेत. 'बात एक रात की'मधलं (१९६२) हेमंतकुमारांबरोबरचं 'ना तुम हमें जानो' हे त्यातलं ठळक.

कान तयार करायचा तर एका वेळी एकच गायिका घ्या आणि आठवडाभर तिचंच ऐका. जोहराबाई अंबालेवालींचा भरदार, छातीतून येणारा आवाज, अमीरबाई कर्नाटकींचा त्याहून मऊ आणि किंचित अनुनासिक, शमशाद बेगमचा खणखणीत. तिघींना एकापाठोपाठ ऐकलं तर सगळं सारखंच वाटतं. सुट्या सुट्या ऐकल्या की महिन्याभरात अंधारातही ओळखाल.

आमच्या घरातले वडीलधारे म्हणतात, "हे तेच गाणं, पण हा तो आवाज नाही." त्यांची स्मरणशक्ती कमी झाली असेल का?

या प्रश्नावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

माझ्या आत्याला एक गाणं फार आवडायचं, 'याद रखना चांद तारों इस सुहानी रात को'. 'अनोखा प्यार', १९४८, संगीत अनिल विश्वास. लहानपणी तिने तो चित्रपट थेटरात पाहिला होता, पाठोपाठ दोनदा. नव्वदच्या दशकात मला लताबाईंच्या आवाजातलं हे गाणं एका कॅसेटवर मिळालं. मी उत्साहाने ते तिच्याकडे घेऊन गेलो. ती भाजी निवडत होती. हातातली मेथीची काडी तशीच धरून तिने मुखडा पुरा ऐकला आणि म्हणाली, "गाणं हेच रे. पण ही बाई ती नव्हे." मी तिला समजावलं की आत्या, लताच आहे, त्या वेळी तिचा आवाज कोवळा होता, तुला वेगळा वाटत असेल. ती काही बोलली नाही, पुन्हा मेथी निवडायला लागली. मला वाटलं, वय झालं.

तीन-चार वर्षांनी त्या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट हाती आली. पडद्यावर आवाज होता मीना कपूर यांचा. चित्रपटासाठी त्या गायल्या होत्या. तबकडीच्या वेळी त्या आजारी असल्याने तीच गाणी लताबाईंनी म्हटली. पुढे पन्नास वर्षं रेडिओने आणि कॅसेटवाल्यांनी तबकडीच वाजवली. थेटरात जाऊन आलेल्या माणसांच्या कानात मात्र मीना कपूर राहिल्या. मी ती टेप घेऊन गेलो तेव्हा आत्या ऐकून एवढंच म्हणाली, "हां. ही."

त्यानंतर मी वडीलधाऱ्यांच्या कानावर कधी शंका घेतली नाही. पडद्यावर एक आवाज आणि तबकडीवर दुसरा असं त्या काळात बऱ्याचदा होई. गायक दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असे, कधी नट स्वतः पडद्यावर गाई आणि तबकडी सराईत गायकाची निघे. घरातलं कुणी "हा तो नव्हे" म्हणालं, तर मूळ चित्रपट शोधा.

हिंदी फिल्म गीत कोश म्हणजे काय? तो खरंच लागतो का?

लागतो. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी दशकादशकाचे खंड करून बोलपटाच्या आरंभापासूनच्या चित्रपटांची आणि त्यांतल्या गाण्यांची नोंद केली. पहिला प्रसिद्ध झाला तो १९५१ ते ६० चा खंड, १९८० साली. चित्रपट, साल, निर्मिती संस्था, कलाकार, गीतकार, संगीतकार, गाण्याचा मुखडा, गायक आणि तबकडीचा क्रमांक हे सगळं एका जागी. संगणक नसताना, बँकेची नोकरी सांभाळून, पत्रव्यवहार करून एका माणसाने हे उभं केलं. आज इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक याद्यांचं मूळ याच कामात आहे, मग कुणी नाव घेवो न घेवो.

कोशात गायकाच्या नावाची जागा रिकामी दिसली तर ती रिकामीच राहू द्या. खात्री नसताना नाव भरलं नाही, हाच त्याचा मोठेपणा. मोठ्या ग्रंथालयात किंवा एखाद्या संग्राहकाकडे खंड चाळायला मिळतात.

'आलम आरा'ची गाणी कुठे ऐकायला मिळतील?

मिळणार नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थेटरात हा पहिला बोलपट लागला. अर्देशीर इराणींचा. सात गाणी होती आणि वजीर मोहम्मद खान यांचं 'दे दे खुदा के नाम पे प्यारे' हे हिंदी चित्रपटातलं पहिलं गाणं. त्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. इंटरनेटवर या नावाने जे काही फिरतं ते नंतर कुणीतरी म्हटलेलं आहे.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत 'आलम आरा' जळाला असं बरेच जण सांगतात. ती आग खरी, तिच्यात नायट्रेट फिल्मची फार मोठी हानी झाली. पण १९६४ मध्ये स्थापन झालेलं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा चित्रपट संग्रहालयाकडे कधी आलाच नव्हता. नायट्रेटची रिळं पेट घेणारी, सांभाळायला अवघड आणि त्यांत चांदी. धंदा संपलेल्या चित्रपटाची रिळं त्या चांदीसाठी विकली जात. कितीतरी गाणी अशी वितळली.

गाण्यांच्या चोपड्या काय असतात?

चित्रपट लागला की थेटराबाहेर आण्या-दोन आण्यांना एक छोटं पुस्तक मिळे. वर नटनट्यांचं चित्र, आत श्रेयनामावली, कथानक आणि सगळ्या गाण्यांचे शब्द, अनेकदा देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा दोन-तीन लिप्यांत. कथानक ऐन मोक्याच्या जागी थांबायचं आणि पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा असं लिहिलेलं असायचं. ज्या चित्रपटाची ना रिळं उरली ना तबकड्या, त्याच्या गाण्यांचे शब्द आज फक्त चोपडीत आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका जपलेल्या आहेत. घरच्या ट्रंकेत एखादी निघाली तर तिला सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो आणि कागद घेऊनच सुटतो.

माळ्यावर आजोबांच्या तबकड्या सापडल्या. आता काय करू?

पहिलं म्हणजे घाईने वाजवू नका. आणि एकीवर एक आडव्या रचलेल्या असतील तर उभ्या करून ठेवा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची असते, हातातून पडली की काचेसारखी फुटते.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवून काढा. फारच मळली असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. लेबलाला पाणी लागू देऊ नका. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, अल्कोहोलने लाख विरघळते. एका परिचितांनी पन्नासेक तबकड्या मोठ्या प्रेमाने स्पिरिटने पुसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पाहताना आम्हा दोघांनाही बोलवेना.

मग लेबल वाचा. तिरप्या उजेडात धरलं की पुसट अक्षरंही दिसतात. क्रमांक लिहून घ्या. पुढच्या अक्षरांवरून कंपनी कळते: एच.एम.व्ही.च्या बऱ्याच चित्रपटगीतांना 'एन', कोलंबियाला 'जीई', ट्विनला 'एफटी', कलकत्त्याच्या हिंदुस्थान रेकॉर्डला 'एच'. लेबल पार फाटलेलं असलं तरी लेबलाच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीत आकडे कोरलेले असतात, तेही टिपा. क्रमांक हाती असला की गाणं ओळखणं सोपं.

वाजवायच्या असतील तर एलपीची सुई चालत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या खाचा जवळपास तिपटीने रुंद, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. अठ्ठ्याहत्तरसाठीची वेगळी सुई मिळते. चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर पोलादी पिन दर बाजूला बदला. झिजलेली पिन खाचा खरवडते आणि ते नुकसान भरून येत नाही.

भंगारात देऊ नका, एवढी मात्र हात जोडून विनंती. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. तुमच्या गावातही कुणीतरी जपणारा असतोच. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात मला जे मिळालं ते कुणाच्या तरी घरातून असंच बाहेर पडलेलं होतं.

माझा टर्नटेबल ७८ वर चालत नाही. डिजिटल प्रत करता येईल?

येईल. योग्य सुई लावून ४५ च्या वेगाने वाजवा, ध्वनिमुद्रण करा आणि संगणकावर वेग १.७३३ पट करा. ७८ ला ४५ ने भागलं की तो आकडा येतो. मूळ फाइल तशीच ठेवा. खरखर काढण्याचा मोह आवरा. खरखर पार नाहीशी केली की तिच्याबरोबर गायिकेच्या 'स'काराची धार आणि सतारीच्या तारेची झणक जाते, मग उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं. साफ केलेली प्रत वेगळी करा आणि मूळच्याबरोबर ठेवा.

ऐकलेल्या गाण्यात एक अंतरा कमी वाटतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्यासाठी अंतरा गाळत, किंवा गाणं दोन बाजूंवर विभागून 'भाग १', 'भाग २' करत. चढवणाऱ्याने एकच बाजू चढवलेली असू शकते. पूर्ण गाणं चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर मिळतं, चित्रपट उपलब्ध असेल तर.

रेडिओवर अजून ही गाणी लागतात का?

विविध भारतीचं 'भूले बिसरे गीत' सकाळी ऐका. हा धागा फार जुना आहे. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्राकडे वळले. अमीन सयानींची गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, तोवर सिलोनने घराघरात जागा केली होती. सकाळी साडेसात ते आठ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी आणि शेवटचं गाणं सैगलचं. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. सैगल लागला की आमच्याकडे वडील दाढीचा साबण तसाच ठेवून रेडिओजवळ येऊन उभे राहत आणि गाणं संपल्यावर आठ वाजले म्हणून सगळ्यांची धावपळ सुरू होई. ज्यांनी त्या काळात कॅसेटवर हे कार्यक्रम टेप केले, त्यांच्या कॅसेटींत आज कुठेच नसलेली गाणी आहेत. घरच्या कॅसेटी टाकू नका.

मराठी माणसाने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

आपल्याच माणसांपासून. हे अभिमानापोटी म्हणत नाही. ओळखीची चाल हिंदीत भेटली की कान लगेच लागतो, म्हणून.

प्रभातचे चित्रपट दोन्ही भाषांत निघत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) गोविंदराव टेंब्यांच्या संगीताचा, दुर्गा खोटे स्वतः गायलेल्या. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७) यांत केशवराव भोळ्यांच्या चाली आणि शांता आपटे. 'माणूस'मधलं (१९३९) शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' कुणाला माहीत नाही? 'आदमी'त तेच 'अब किस लिये कल की बात' होऊन येतं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. चाल मास्टर कृष्णरावांची, बाई तीच, तरी भाषा बदलली की ठेक्यावर शब्द पडण्याची जागा सरकते. मी एका रविवारी ही दोन गाणी आलटून पालटून दहा-बारा वेळा ऐकली असतील.

मग पुढे या. दत्ता कोरगावकरांचा 'बडी मां' (१९४५), नूरजहांचं 'दिया जलाकर आप बुझाया'. दत्ता डावजेकरांचं 'पा लागूं कर जोरी', 'आप की सेवा में'मधलं, लताबाईंचं हिंदीतलं पहिलं पार्श्वगायन. ललिता देऊळकर, म्हणजे पुढच्या ललिता फडके, रफींबरोबर 'मोरे राजा हो ले चल नदिया के पार' (१९४८) गातात ते ऐकून ज्यांना त्यांची फक्त मराठी गाणी माहीत आहेत ते चकित होतात. सुधीर फडक्यांचं 'ज्योति कलश छलके' (१९६१) सगळ्यांना ठाऊक असतं, पण किशोरकुमारचं 'खुश है जमाना आज पहली तारीख है' (१९५४) हेही बाबूजींचंच, हे सांगावं लागतं. आणि स्नेहल भाटकरांचं 'कभी तनहाइयों में यूं' (१९६१), मुबारक बेगम. हे एक गाणं माहीत असतं, त्यांचं बाकीचं हिंदी काम शोधायला बसा, हिवाळा पुरणार नाही.

मराठी नसलेल्यांत मी सज्जाद हुसेन यांचं नाव सांगेन. 'संगदिल'मधलं (१९५२) तलतचं 'ये हवा ये रात ये चांदनी' आणि 'रुस्तम सोहराब'मधलं (१९६३) 'ऐ दिलरुबा'. चित्रपट मोजके, पण चाल इतकी अवघड की गुणगुणताना आपण कुठे चुकतो ते लगेच कळतं.

ही गाणी इंटरनेटवर चढवली तर कायदा आड येतो का?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. मदनमोहन १९७५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर २०३५ अखेरपर्यंत. घरच्या तबकडीची स्वतःसाठी प्रत करून ऐकणं वेगळं आणि जगासमोर ठेवणं वेगळं, एवढं भान असू द्या.

गाणं सापडलं. पुढे काय करावं?

नोंद करा. फाइलच्या नावातच चित्रपट, साल, गायक, गीतकार, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक. जे लेबलवर वाचलं ते तसं लिहा आणि जे तुमचा अंदाज आहे त्यापुढे 'अंदाज' लिहा. 'गायक ०१' अशा नावाने शेकडो गाणी फिरताहेत आणि त्यांची ओळख पटवण्यात संग्राहकांचा जन्म चाललाय. गीतकाराचं नाव गाळू नका, ते सगळ्यात आधी गळतं. डी. एन. मधोक, केदार शर्मा, आरजू लखनवी यांचे शब्द लोक म्हणतात, पण ते कुणाचे हे माहीत नसतं.

वयस्कर आई-वडिलांना त्यांची जुनी गाणी ऐकवायची आहेत. कसं करावं?

मोठी यादी लावून देऊ नका, गोंधळ होतो. एक गाणं लावा आणि ते संपल्यावर बोलायला सवड ठेवा. मुखडा झाला की ते स्वतः पुढची ओळ म्हणतात का पाहा. म्हटली तर आवाज बारीक करा, म्हणू द्या. तेव्हा फोनवर त्यांचं म्हणणं टेप करून ठेवा, शब्द चुकले तरी. 'आवडतं गाणं कोणतं' असं विचारलं की बहुधा उत्तर येत नाही. 'पहिला सिनेमा कुणाबरोबर पाहिलात' असं विचारा. मग थेटर येतं, चालत गेलेला रस्ता येतो, बरोबरची मैत्रीण येते आणि बोलता बोलता तुम्ही कधीच न ऐकलेली एखादी ओळ येते. ती लगेच लिहून घ्या.